मूठभर पांढरा मका

पीठ हाती आलं की ती आधी ते चिमटीत धरून कानाशी न्यायची. कानाशी! आपण पीठ डोळ्यांनी बघतो, फार तर वास घेतो. ही बाई अंगठा आणि बोट कानाजवळ एकमेकांवर घासायची, दळण किती बारीक ते डोळे मिटून ऐकायची, मग चिमूट जिभेवर ठेवायची आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारायची, "पुढं काय?"

हे दोन शब्द मराठीतच. बाकी तिचं सगळं बोलणं इंग्रजीत, सावकाश आणि ठाशीव. पण 'पुढं काय' अगदी निफाडच्या बाजारात उचलल्यासारखं. त्याचं श्रेय आमच्या अण्णांना. ती काही बोलली की मी ते अण्णांना मराठीत सांगायची, आणि अण्णा दर वाक्यानंतर अधीर होऊन मला टोकायचे, "बरं, पुढं काय?" दोन दिवस तिनं ते ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच वापरायला सुरुवात केली. पुढची पंधरा वर्षं वापरत राहिली.

पण मी फारच पुढे गेले. नीट सांगते.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये आमचा कारखाना होता. आमचा म्हणजे मालकांचा. मी तिथे टायपिस्ट होते. पिठाच्या मोठ्या गिरण्या बनवायचो. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मालकांच्या अंगात एक्स्पोर्टचं वारं शिरलं होतं. एका इंग्रजी मासिकात त्यांनी बोटभर जाहिरात दिली. तिला उत्तर आलं ते एकच, टांझानियातल्या मोरोगोरो नावाच्या गावाहून. पत्राखाली सही होती आणि सहीखाली लिहिलं होतं, 'मालकीण, दोन लॉऱ्या'. आम्ही खूप हसलो. अण्णा आमचे फोरमन, घरचे निफाडचे शेतकरी. ते म्हणाले, "गावाचं नाव तर लय भारी हाय. आता माणूस कसा निघतो बघू."

माणूस निघाली ती उंच, भरदार, पन्नाशीला टेकलेली बाई. फुलाफुलांचं कापड गुंडाळलेलं, मनगटावर पुरुषी घड्याळ. कारखान्याच्या दारात तिनं पर्समधून रबरी चपला काढल्या, पायातले उंच टाचांचे बूट पर्समध्ये टाकले आणि थेट आत शिरली. मालक हार घेऊन ऑफिसात उभे होते, ते तसेच उभे राहिले. आमच्या सबंध शेडनं तिला त्याच क्षणी 'बाई' हे नाव देऊन टाकलं. मला मात्र ती 'सेक्रेटरी' म्हणायची. मी टायपिस्ट आहे असं सांगितल्यावर म्हणाली, "मीसुद्धा आधी बस स्टँडवर तळलेले गोळे विकत होते. म्हणून काय झालं?"

हळूहळू कळलं ते असं. तळलेल्या गोळ्यांतून एक जुनी लॉरी झाली, नवरा ती चालवायचा. मग दुसरी लॉरी. दोन्ही लॉऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची मक्याची पोती वाहिली. एक दिवस तिच्या मनात आलं, पोती आपण वाहतो, दळतं भलतंच कोणी, हे कुठवर? गिरणी आपली हवी. त्यासाठी तिनं दोन्ही लॉऱ्या विकल्या. दिरांनी वेड्यात काढलं. घरात दोन मुलगे, एक मुलगी, आणि तिघांच्या हातात आता काम नाही. गिरणी चालली तर घर उभं राहणार, नाही चालली तर नवरा दुसऱ्याच्या लॉरीवर ड्रायव्हर. हे तिनं मला चहा पिता पिता सांगितलं, हवापाण्यावर बोलावं तसं.

आता तुम्हीच सांगा, अशा बाईसाठी गिरणीची ट्रायल घ्यायची तर माणूस काय करील? अण्णांनी जीव ओतला. गिरणीला झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला. बाजारातला मका नको म्हणून स्वतःच्या शेतातला निवडून आणला, एकेक दाणा सोन्यासारखा पिवळाधमक. एवढंच नाही, आदल्या दिवशी त्यातलाच थोडा दळून बायकोकडून, म्हणजे आमच्या वहिनींकडून, मक्याच्या भाकरी करवून घेतल्या, सोबत ठेचा आणि लोण्याचा गोळा. पाहुणीला पहिला घास आपल्या गिरणीच्या पिठाचा.

गिरणी सुरू झाली. पोटात घुमणारा तो आवाज, आणि खाली भुरभुर पडणारं पिवळं, मऊसूत पीठ. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात. बाईनं पीठ हातात घेतलं. कानाशी नेलं नाही. जिभेवर ठेवलं नाही. नुसतं बघत राहिली, आणि तळहात हळूच झटकला.

वहिनींनी भाकरीचं ताट पुढे केलं. तिनं ताटाला हात लावून नमस्कारासारखं काही केलं आणि ताट परत दिलं.

"काय झालं? जाड पडलं का?" अण्णांनी मला विचारलं. "विचारा तिला, जाड पडलं का?"

ती म्हणाली, "हे पीठ आम्ही रांगेत उभं राहून खाल्लंय." मग तिनं समजावून सांगितलं. त्यांच्याकडे मका पांढरा. पीठ पांढरंशुभ्र, तेच रोजचं जेवण. पिवळा मका आला तो दुष्काळात, परदेशातून बोटीनं, मदत म्हणून. पोतं फुटलं की पोरं मातीतून वेचून खायची. तेव्हापासून पिवळं पीठ म्हटलं की लोकांना ती रांग आठवते. "माझ्या गिरणीतून पिवळट पीठ निघालं, तर माझ्या दारात कुत्रंही उभं राहणार नाही. मला पांढरं पीठ बघायचंय. परवा माझं विमान आहे."

अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. शेतातला उत्तम माल नेऊन ज्याच्या पुढ्यात ठेवावा त्यानं तोंड फिरवावं, याचं दुःख शेतकऱ्यालाच कळतं. ते पाना घेऊन मशीनमागे गेले आणि उगाच नट आवळत बसले. मालक फोनला चिकटले. नाशिकच्या धान्यबाजारात पांढरा मका मागितला तर लोक विचारू लागले, "भुट्टा का? कोवळा हवा का?"

तेव्हा बोलली ती सोमीबाई. कारखान्यात झाडलोट करायची, सुरगाण्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची. वर्षभरात तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. झाडू हातात धरूनच ती म्हणाली, "आमचे घरी आहा ना पांढरा मका."

अण्णांनी पाना खाली टाकला. "आधी सांगायला काय झालतं, बाय?"

"मला कोण इचारलं?" सोमीबाई म्हणाली.

खरंच, तिला कोणीच विचारलं नव्हतं. अण्णा आणि सोमीबाई टेम्पोत बसून निघाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी परतले, अंगावर धूळ आणि मागे दीड पोतं. एका घरात एवढा मका नव्हताच. पाड्यावरच्या घराघरातून थोडा थोडा गोळा केलेला, कोणाकडचा डब्यातला, कोणाकडचा आढ्याला टांगलेला. छोटे, चपटे, दुधासारखे दाणे. बाईनं पोत्यात हात कोपरापर्यंत घातला आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

गिरणी पुन्हा सुरू. पीठ आलं ते फिक्कट पिवळं! मग अण्णांच्या लक्षात आलं, आत कालचंच पीठ अडकलंय. गिरणी उघडली. सांदीसांदीतून ब्रश, फडकी, हवेचा पाइप. बाईनं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, खांद्यावरचं कापड डोक्याला गुंडाळलं आणि अर्धी गिरणीत शिरली. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं अण्णा. दोघांची भाषा वेगळी, पण "हिकडं, हिकडं!" आणि "हिअर, हिअर!" यांतून काम बरोबर चाललं होतं.

आणि मग पांढरं पीठ पडलं. पांढरंशुभ्र! शेडमध्ये एकच गलका झाला. वेल्डर, टर्नर, शेजारच्या कारखान्यातली माणसं, सगळी नाचायची बाकी. बाईनं चिमूट उचलली, कानाशी नेली, डोळे मिटले. जिभेवर ठेवली. डोळे उघडले, आणि अण्णांकडे वळून म्हणाली, "पुढं काय?"

पुढे काय हे तिनंच ठरवलं होतं. त्यांच्याकडची रीत अशी, निदान तिच्या घरची तरी, की नव्या गिरणीचं पहिलं पीठ विकायचं नाही. ज्यानं दाणे दिले आणि ज्याची गिरणी, त्यांनी ते एका भांड्यातून खायचं. कँटीनच्या स्टोव्हवर तिनं स्वतः त्या पिठाची घट्ट उकड घोटली. भांडं म्हणून परात घेतली. जमिनीवर बसली, एका बाजूला मालक, एका बाजूला अण्णा, आणि हाक मारली सोमीबाईला.

सोमीबाई दाराबाहेर उभी. आत येईना. कारखान्यात तिचा चहाचा कप वेगळा होता, खिडकीवर पालथा घातलेला असे. हे मला त्या दिवसापर्यंत खटकलं नव्हतं, आणि त्याची लाज अजून वाटते. मालकांनी परातीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बाई थांबून राहिली. उकड गार होत होती. शेवटी मालकच सरकले आणि म्हणाले, "या सोमीबाई, बसा." त्यानंतर तो खिडकीतला कप मी पुन्हा पाहिला नाही.

बाई निघताना सोमीबाईनं उरलेल्या मक्यातली मूठभर एका चिंधीत बांधून तिच्या हातावर ठेवली. गिरणी मोरोगोरोला उभी राहिली तेव्हा तिनं पहिल्यांदा तीच मूठ आत टाकली. आणि गिरणी जी धावली!

मग पत्रं यायला लागली, नंतर फॅक्स, नंतर ई-मेल. प्रत्येक पत्र म्हणजे आमच्याकडे सण. मी ऑफिसात मोठ्यानं वाचायची आणि अण्णा हातचं काम टाकून यायचे. गिरणी चालली, पीठ भरायला पोती कमी पडली, तेव्हा थोरल्या मुलानं पोती विणायचा कारखाना काढला. कोंडा फेकवत नव्हता, म्हणून कोंबड्या पाळल्या. अंडी झाली, म्हणून मुलीनं बेकरी काढली. मक्याच्या अंकुराचं तेल निघालं, तेलाचा साबण झाला. पाव आणि साबण पोचवायला लॉऱ्या लागल्या, तर धाकट्यानं वाहतूक कंपनीच उभी केली. आणि तिनं काय केलं माहितेय? विकलेल्या दोन लॉऱ्यांतली एक शोधून परत घेतली. ती चालत नव्हती. रंगवून मुख्य ऑफिसच्या फाटकात उभी केली.

"ह्या बाईला कोंडा द्या, ती उडणारं इमान करून दाखवील," अण्णा म्हणायचे.

एवढा पसारा कसा वाढवलात, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "सोपं आहे. दोन मुलं भांडली की मी तिसरी कंपनी काढते." पण रविवारी सगळ्यांनी एका भांड्यातून जेवायचं, आणि हात धुतल्याशिवाय धंद्याचं बोलायचं नाही, हा तिचा कायदा होता. सुनांना, जावयालाही तो लागू होता.

नवी गिरणी निघाली की ती नाशिकला यायची. दर दोन-तीन वर्षांनी. पुढे पुढे गिरण्या एवढ्या मोठ्या झाल्या की आमच्या शेडच्या आवाक्यातल्या राहिल्या नाहीत, त्या युरोपातून यायच्या. तरी ती यायची. आमच्याकडून चाळण्या आणि सुटे भाग घ्यायची, पण खरं काम एकच, सोमीबाईकडून मूठभर मका. त्याशिवाय गिरणी सुरू करायची नाही. येताना आधीच्या गिरणीच्या पहिल्या पिठाचं एकेक पाकीट सोमीबाईला आणि मालकांना आणायची, त्यावर छापलेलं चित्र होतं, एक परात आणि तिच्यात चार हात. मालकांनी आपलं पहिलं पाकीट काचेत लावून ठेवलं. सोमीबाईनं आपली सगळी खाऊन टाकली. "पीठ काय बघाया असतं का?" असं तिचं म्हणणं.

नाशकात ती कुठेही गेली तरी गप्प बसायची नाही. गुऱ्हाळावर उसाची चिपाडं जळताना पाहिली, "पुढं काय?" द्राक्षबागेत गळून पडलेल्या मण्यांचा सडा पाहिला, "पुढं काय?" कुंभमेळ्याच्या वर्षी एकाही हॉटेलात खोली मिळेना, तेव्हा ती गंगापूर रोडला माझ्या घरी राहिली. सकाळी माझ्याबरोबर गोदावरीच्या बाजूला गेली. तो जनसागर पाहून हात जोडले, आणि मग माझ्या कानात म्हणाली, "सेक्रेटरी, एवढ्या माणसांचं पीठ कोण दळतं?" मी हसून हसून रस्त्यात बसायच्या बेतात आले. तिला मात्र खरंच उत्तर हवं होतं.

ती तिची शेवटची फेरी.

चारेक वर्षांनी मुलीची ई-मेल आली. आई गेली. झोपेत गेली, आदल्या दिवशी नव्या गिरणीचा पाया बघून आली होती. मी ते पत्र मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीपासून मनातल्या मनात वाचलं. अण्णा तोवर निवृत्त झाले होते. फोनवर त्यांना सांगितलं. मग नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "पुढं काय?" आणि फोन ठेवला.

पुढे होतं ते असं. वर्षभरानं त्याच पायावर सात मजली गिरणी उभी राहिली. घराण्याची सगळ्यात मोठी. भावांचं म्हणणं, बटण एखाद्या मंत्र्याच्या हातून दाबू या. बहीण अडून बसली, आईच्या मुठीशिवाय गिरणी फिरणार नाही. घरात त्यावरून एवढं बिनसलं की आधी थोरला रविवारच्या जेवणाला येईनासा झाला, मग धाकटा. म्हणून ती स्वतः निघाली. "एवढ्यासाठी?" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले असते. पण नाशिकला गाडीतून उतरल्यावर तिनं पर्समधून रबरी चपला काढल्या, आणि मला पुढे काही विचारायचं राहिलंच नाही.

मी, ती आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले अण्णा, असे जीपनं सुरगाण्याच्या वाटेला लागलो. सोमीबाई काम सोडून पाड्यावर राहायला गेली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना टोमॅटो, स्ट्रॉबेरी आणि पिवळा संकरित मका. मैलच्या मैल पिवळी कणसं. अण्णा खिडकीतून बघत पुटपुटले, "ताई, पांढरा आता कोण लावतंय? नाय मिळायचा." मी मुलीला ते सांगितलं नाही. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला कळलं असावं.

सोमीबाई वाकून गेली होती. जीपमधून कोण उतरतं ते कपाळावर हात धरून बघत राहिली. मुलीची उंची पाहून तिचा चेहरा उजळला. मग जवळून पाहून म्हणाली, "ही बाई नाही."

"बाईची लेक आहे," मी म्हटलं. "बाई गेली, सोमीबाई."

सोमीबाई वळली आणि आत गेली. आम्ही मागोमाग. चुलीवरच्या आढ्याला धुरानं काळी पडलेली कणसं जोडीजोडीनं टांगलेली होती. तिनं काठीनं एक जोडी खाली पाडली, वरची पानं सोलली, आणि आत दूध सांडावं तसे पांढरे दाणे.

"पोरगा म्हंतो, आई, पिवळा लाव, पैसा होईल. त्याला लावू दे." ती दाणे खुडत बोलत होती. "मी दर साली चार ओळी ह्याच लावते. बाई यील, मग तिला काय देऊ?"

अण्णांनी चष्मा काढला. मी तिचं बोलणं इंग्रजीत सांगायला लागले, पण मुलीनं माझा हात धरला. तिला सांगायची गरज नव्हती. ती सोमीबाईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि दाणे खुडू लागली, आणि दोघी रडल्या.

सोमीबाईनं एक मूठ चिंधीत बांधून तिला दिली. मग थांबली, लुगड्याचा पदर फाडला आणि आणखी एक मूठ बांधली.

"ही येक दळाया," ती म्हणाली, "आन् ही येक पेराया. मी काय कायमची आहा?"

पुढच्या वर्षी मुलीनं फोटो पाठवला. मी तो मोठा करून घेतला आणि अण्णांना घेऊन पाड्यावर गेले. सात मजली गिरणी, फाटकात रंगवलेली जुनी लॉरी, आणि लॉरीच्या पुढ्यात मक्याच्या ओळींमध्ये जमिनीवर बसलेली तिघं भावंडं, मध्ये परात. सोमीबाईनं गिरणीकडे पाहिलंही नाही. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि मक्याच्या ओळींना बोट लावून मोजलं, एक, दोन, तीन, चार.